गायरानाचा वाद घेऊन किनवटच्या रानात

बिलोली तालुक्यातल्या माणसाने जंगल पाहिलेले असते ते माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जाताना, एस. टी.च्या खिडकीतून. आमचा मुलूख काळ्या मातीचा. एका अंगाला मांजरा, दुसऱ्या अंगाला गोदावरी आणि मधे सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, ज्वारी. बांधावर लिंब आणि बाभूळ, ओढ्याकाठी करंज, एवढीच काय ती झाडी. शेजारच्या लातूर जिल्ह्यात तर वन नावालाच आहे. असे असताना आमच्या तालुक्यातल्या एका गावी जंगलावरून भांडण पेटले आणि ते मिटवायला आम्हाला थेट किनवटचे रान गाठावे लागले. त्या प्रवासाची ही हकिगत.

मी पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी आहे. या गावी माझे बरेच वर्षांचे जाणे-येणे. गावाला चाळीस-एक एकर गायरान आहे. त्यातले निम्मे वेड्या बाभळीने गिळले आहे, उरलेल्या निम्म्यात गाजरगवत, तरोटा आणि थोडेसे खरे गवत. गावातल्या शिकलेल्या तरुणांनी ठराव मांडला की, सारे गायरान साफ करावे, यंत्र लावून वेडी बाभूळ उपटावी आणि सगळीकडे साग लावावा. त्यांच्या हातात एका रोपवाटिकेचे रंगीत पत्रक होते. एकरी १००० झाडे, वीस वर्षांनी प्रत्येक झाडाचे हजारो रुपये, म्हणजे गाव कोट्यधीश!

मेंढरे राखणारे एक वृद्ध मामा उठून म्हणाले, "आन् माझी मेंढरं काय सागाची पानं खातील का?" त्यावर कोणी हसले, कोणी ओरडले. दोनदा ग्रामसभा झाली आणि दोन्ही वेळा ठरावाविना उठली. शेवटी सरपंचबाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "साहेब, तुम्ही बी. एस्सी. शिकलेले. तुम्हीच सांगा, साग लावावा का नाही?"

वाचकहो, खरे सांगतो, माझ्या तोंडून उत्तर निघेना. याचे एक कारण असे की, साग हे शेतीपेक्षा वनाचे झाड, आणि वनात मी फार राहिलेलो नाही. दुसरे कारण घरचे होते. ते पुढे सांगेन. मी एवढेच म्हणालो, "बाई, ज्या झाडावरून भांडता ते झाड त्याच्या घरी कसे राहते ते आधी पाहून येऊ."

मार्गशीर्षातल्या एका पहाटे आम्ही जीपने निघालो. सरपंचबाई, मेंढरेवाले मामा, ठराव मांडणारा तरुण, मी, आणि पाचव्या एक भूमिहीन मजूर आक्का. आक्कांना सरपंचबाईंनी मुद्दाम बरोबर घेतले होते. गायरानात रोज जाणारे माणूस कोण, असे विचारले तर पहिले नाव त्यांचेच निघते. त्या सरपणाला जातात.

गोदावरी ओलांडताना पाणी तुडुंब दिसले. बाभळीच्या बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात, त्यानंतर बंद होतात. म्हणून हिवाळ्यात नदी भरलेली. आमची मांजरा खाली कंदकुर्तीजवळ हिलाच येऊन मिळते. धर्माबादेत मिरचीच्या वासाने सगळ्यांना शिंका आल्या. आक्का म्हणाल्या, "ह्ये आपलं जंगल!" गाडीतला पहिला हशा तो.

उमरी मागे पडली, भोकर आले आणि जमीन बदलू लागली. काळी माती पातळ होत गेली, मुरूम वर आला, रस्त्याच्या कडेला पळस दिसू लागले. हिमायतनगर ओलांडून इस्लापूरच्या बाजूला लागलो तेव्हा टेकड्या सुरू झाल्या. टेकड्यांवर पहिला साग दिसला. मोठमोठी पाने, शेंड्याला सुकलेल्या फुलोऱ्याचे तुरे. हा भाग पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा आमचा मुधोळ तालुका तिकडे गेला आणि किनवट इकडे आला. मराठवाड्यासारख्या उघड्या मुलखाला एवढे तरी जंगल मिळाले ते त्या वाटणीत. आंध, गोंड, कोलाम, परधान यांची गावे आणि बंजाऱ्यांचे तांडे या रानात आहेत. पैनगंगेच्या काठाला १९८६ पासून अभयारण्य आहे, तिथे लाकूडतोड नाही. आम्हाला पाहायचे होते ते अभयारण्याबाहेरचे, जिथे माणूस आणि जंगल यांचा देवघेवीचा संबंध आहे असे रान.

आम्हाला वाट दाखवायला एक वयस्कर आंध गृहस्थ आले. सारी उमर वनमजुरीत गेलेली. कूप तोडण्यापासून रोपे लावण्यापर्यंत सर्व कामे केलेली. आम्ही त्यांना दादा म्हणू लागलो.

दादांनी आधी आम्हाला लावलेल्या सागाच्या बनात नेले. एका रेषेत उभी झाडे, सरळ सोट. आमच्या तरुणाचे डोळे चमकले. त्याने खिशातून वही काढली आणि झाडे मोजायला सुरुवात केली. दादा म्हणाले, "मोजा, पण आधी खाली बघा." ठिकठिकाणी जुने बुंधे कापलेले होते. दादांनी समजावले की, लावताना झाडे दाट लावतात. दोन मीटर बाय दोन मीटरवर लावली तर हेक्टरी २५०० बसतात. मग दर काही वर्षांनी विरळणी करावी लागते. वाकडी, दबलेली, किडकी झाडे काढायची म्हणजे उरलेल्यांना ऊन आणि जागा मिळते. शेवटी जाड होऊन लाकूड देणारी झाडे हेक्टरी दोन-तीनशेच राहतात.

तरुणाने वहीत गुणाकार केला. एकरी शंभराच्या आसपास. पत्रकात तर शेवटपर्यंत हजारच धरले होते. तो म्हणाला, "साहेब, विरळणी नाहीच केली तर?" उत्तर दादांनी दिले, "मग हजारच राहतील, पण खुंट्याएवढी."

आणि वीस वर्षे? वनात सागाचा हिशेब साठ-सत्तर वर्षांचा धरतात. शेतात पाणी-खत देऊन झाड लवकर वाढते हे खरे, पण वीस वर्षांच्या झाडात बाहेरचे पांढरे कच्चे लाकूड पुष्कळ आणि आतला पक्का गाभा थोडा. भाव मिळतो तो गाभ्याला. त्यातून सागाला पाणी साचणारी जमीन मानवत नाही. त्याला निचऱ्याची, मुरमाड, खोल जमीन लागते. आमच्या चिकट काळ्या जमिनीत, जिथे श्रावणात पाय घोट्यापर्यंत रुततो, तिथे साग जगेल पण फळणार नाही. हे मी त्याला तिथेच, मुरमावर उभा राहून सांगितले. मुठीत ती माती घेतल्यावर त्यालाही फरक कळला.

मामा मात्र झाडांकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर जमिनीवर. म्हणाले, "गवत कुठंय?" खरेच, दाट बनाखाली गवत जवळपास नव्हते. वाळकी पाने आणि मधे मधे उघडी माती. उतारावर मातीत बारीक घळ्या पडल्या होत्या. सागाचे पान मोठे. पावसाचे थेंब पानावर गोळा होतात आणि मोठा थेंब होऊन उंचावरून पडतात. खाली गवत-झुडूप असेल तर काही बिघडत नाही, पण जमीन उघडी असेल तर तोच थेंब माती उखडतो. शेतात आपण आच्छादन करतो ते याच कारणासाठी.

तिथेच सावलीत बसून भाकरी खाताना मी त्यांना लागवडीची थोडी कुळकथा सांगितली. आपल्या देशात सागाची पहिली मोठी लागवड १८४०च्या सुमारास केरळात निलांबूरला झाली. इंग्रजांना जहाजांसाठी साग हवा होता आणि रानातला साग तोडून संपत आला होता. स्वातंत्र्यानंतर कारखाने वाढले, लाकूड कमी पडू लागले. १९७४ साली आपल्या राज्यात वन विकास महामंडळ स्थापन झाले. १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने शिफारस केली की, कमी उत्पन्नाच्या मिश्र जंगलाच्या जागी भारी लाकडाची लागवड करावी. विचार वाईट हेतूचा नव्हता. लाकूड पिकवले तर उरलेले जंगल वाचेल, असा तो हिशेब. पण बस्तरमध्ये सालाचे रान काढून कागदासाठी परदेशी पाईन लावायचा घाट घातला तेव्हा आदिवासींनी विरोध केला आणि तो प्रकल्प गुंडाळावा लागला. तिकडे झारखंडातही सालाच्या जागी साग नको म्हणून लोक उठले. सालाचे बी, पाने, डिंक त्यांच्या पोटाला लागत होते, साग मात्र लिलावात जात होता. पुढे १९८८ च्या वननीतीने भर बदलला. जंगल आधी पाणी, माती आणि जवळच्या माणसांसाठी, आणि कारखान्यांनी आपला माल शक्यतो शेतकऱ्यांच्या जमिनीवरून घ्यावा, असे तिने सांगितले.

सरपंचबाई म्हणाल्या, "म्हणजे साग वाईट का?" मी म्हटले, "साग वाईट नाही. प्रश्न एवढाच की, कुणाच्या जागेवर लावायचा आणि कुणासाठी."

जेवण आटोपून आम्ही ओढा ओलांडला आणि आपोआप वाढलेल्या मिश्र जंगलात शिरलो. इथेही साग होता, पण एकटा नव्हता. धावडा, ऐन, तिवस, सलई, मोई, बेहडा, टेंभुर्णी, मोह, चार, अशी नावे दादा झाडावर हात ठेवून सांगत होते. प्रत्येकाचे काम वेगळे. धावड्याचा डिंक, टेंभुर्णीची पाने विडीला, चाराची चारोळी, मोहाची फुले चैत्राच्या तोंडी. झाडाझाडांतून ऊन खाली उतरलेले आणि खाली गुडघाभर वाळले गवत. मामा खाली बसले, एक काडी तोडून दातात धरली आणि म्हणाले, "ही पवन्या हाय. लहानपणी आपल्या गायरानात होती."

इथे तोड होते का, असे आक्कांनी विचारले. दादांनी आम्हाला एक जुना बुंधा दाखवला. जमिनीलगत, तिरपा, गुळगुळीत कापलेला. त्याच्या कडेने फुटलेल्या फुटव्यांतून एकच राखलेला, आता मांडीएवढा. दादा म्हणाले, "उंच कापला तर फुटवा वरून येतो, वाऱ्यानं मोडतो. जमिनीशी कापला तर मुळावर येतो. तोडणाऱ्याच्या कुऱ्हाडीवरून कळतं, त्याला जंगल परत पाहिजे का न्हाई ते."

नियमाची तोड अशी चालते. जंगलाचे भाग पाडतात, त्याला कूप म्हणतात. दहा-वीस वर्षांची कार्यआयोजना आधी मंजूर व्हावी लागते. त्यातल्या क्रमाने एकेका कुपाची पाळी येते. तोडायच्या झाडावर हातोड्याची खूण करतात. बियांसाठी चांगली झाडे राखून ठेवतात. तोडीनंतर कूप चराईला बंद ठेवतात. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून मंजूर आयोजनेशिवाय देशात कुठेही जंगलातले झाड तोडता येत नाही. ब्रह्मदेशात तर शंभर वर्षांहून अधिक काळ अशी रीत होती की, ठराविक घेरापुढचाच साग निवडायचा, त्याची साल गोल काढून त्याला उभाच वाळू द्यायचा, आणि त्याच जागी पुन्हा यायचे ते तीस वर्षांनी. रीत उत्तम. पण पुढे लोभाने आणि चोरट्या तोडीने तिचा तोल गेला आणि तिथली जंगलेही विरळ झाली. नियम कागदावर किती चांगला आहे, यापेक्षा तो पाळणारा कोण आहे, यावर जंगल टिकते.

यावर गाडीतले दोन पक्ष पुन्हा समोरासमोर आले. तरुण म्हणाला, "तोड बंदच करून टाकावी सगळीकडे." सरपंचबाई म्हणाल्या, "मग दारं-खिडक्या कशाच्या करायच्या?" मी त्यांना परदेशातली गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांनी १ जानेवारी २०२४ पासून सरकारी मूळ जंगलातली व्यापारी लाकूडतोड थांबवली. तिथे या प्रश्नावर कित्येक वर्षे कडाक्याचा वाद झाला. एक बाजू म्हणे, मोजून तोडले तर जंगल परत येते आणि माणसांना काम मिळते. दुसरी म्हणे, जुने जंगल एकदा गेले की शंभर वर्षे परत येत नाही. न्यूझीलंडने त्याआधीच आपल्या सरकारी मूळ जंगलाला कुऱ्हाड लावणे थांबवले होते. तिथले जवळपास सारे लाकूड आज अमेरिकेहून आणून लावलेल्या पाईनच्या बनांतून येते. पण त्या परदेशी पाईनचे बी वाऱ्याने उडून कुरणांत, डोंगरांत रुजते. तिथे पाईनची झाडे तण म्हणून उपटावी लागतात आणि त्यावर सरकारचा मोठा खर्च होतो.

आक्का एकदम म्हणाल्या, "आपली येडी बाभूळ!" अगदी बरोबर. वेडी बाभूळ दक्षिण अमेरिकेकडची. उघड्या जमिनी हिरव्या व्हाव्यात आणि गरिबाला सरपण मिळावे म्हणून ती पेरली गेली. शेंगा जनावरे खातात, बी शेणातून पडते आणि झाड गावभर होते. आज जे तण आहे ते काल कुणाचे तरी लागवडीचे स्वप्न होते.

आणखी पुढे गेलो तो एका ठिकाणी जंगल मोकळे झालेले. मोठी झाडे गेलेली, जमीन गुरांनी तुडवलेली. तिथे गवत नव्हते. घाणेरीची जाळी माजली होती आणि मधल्या मोकळ्या जागेत वाळलेली रानतुळस छातीभर उभी होती. अंगाला घासली की उग्र वास. मामांनी नाक मुरडले, "मेंढरू तोंड लावत नाही याला." घाणेरी तर जनावरांना विषारीच. पाने पोटात गेली तर कावीळ होते, कातडी उन्हाने सोलून निघते. ही बाई १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली होती. फळे बुलबुलांनी खाल्ली आणि देशभर पेरली.

दादांनी तिथे जे सांगितले ते शेतकऱ्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे, म्हणून ओळीने देतो.

घाणेरी वरून छाटली तर दुप्पट फुटते. पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर जमीन मऊ असताना, फळे येण्याआधी, कुदळीने तिचे मूळ मातीच्या थोडे खाली तोडायचे, झुडूप उपटून उलटे टाकायचे म्हणजे मुळे उन्हात वाळतात. पक्षी जिथे बसतात त्या झाडांखाली पुढची दोन-तीन वर्षे नवी रोपे उपटत राहायचे. रानतुळस आणि गाजरगवत फुलावर येण्याआधी, म्हणजे श्रावण-भाद्रपदाच्या आत उपटायचे. बी पडल्यावर उपटणे म्हणजे पेरणी करणे. गाजरगवतावर मेक्सिकन भुंगेरेही सोडता येतात. ते पावसाळ्यात त्याची पाने फस्त करतात. वेडी बाभूळ खोडाशी कापून भागत नाही. खोड जमिनीखाली जिथे फुगीर असते तो गड्डा निघाला पाहिजे. तणनाशकाचा फवारा ओढ्याकाठी आणि चराईच्या जागी नकोच. ग्लायफोसेटवर तर २०२२ पासून केंद्र सरकारचे निर्बंधही आहेत.

सगळ्यांत महत्त्वाचे शेवटी. "रिकामी केलेली जागा रिकामी ठेवू नका," दादा म्हणाले. "तुम्ही गवत नाही पेरलं, तर ती पुन्हा येणार." तण काढणे हे अर्धे काम. त्या जागी मारवेल, पवन्या, डोंगरी अशा आपल्या गवतांचे बी टाकणे आणि ते बसेपर्यंत जागा बंद ठेवणे, हे उरलेले अर्धे.

तरुण म्हणाला, "म्हणजे यंत्र आणून सारी बाभूळ एकदम उपटली, तर?" त्यावर आक्का, ज्या दिवसभर ऐकतच होत्या, त्या बोलल्या. "उपट बाबा. पण दुसऱ्या दिवशी माझ्या चुलीत काय घालू? ग्यासची टाकी हाय घरात, भरायला पैसे नसतात. गावात आमच्यासारखी पंचवीस घरं हायेत. ती बाभूळ तुमच्या लेखी तण असंल. आमचं ती सरपण हाय."

कोणी काही बोलले नाही. दोन ग्रामसभांत हा मुद्दा कुणी मांडलाच नव्हता, कारण त्या पंचवीस घरांतले कोणी बोलायला उभेच राहिले नव्हते. मीही कधी विचारले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

परतीच्या वाटेवर अंधार पडला. भोकरला चहाला थांबलो तेव्हा सकाळी न सांगितलेली घरची गोष्ट मी सांगून टाकली. १९९० नंतरच्या दशकात सागवानाच्या योजनांचे पेव फुटले होते. एवढे पैसे भरा, आमच्या जमिनीवर तुमच्या नावाने झाडे लावतो, वीस वर्षांनी लाखो घ्या. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. माझ्या वडिलांनी मला विचारले, "तू शेतीचं शिकलास, ह्ये खरं हाय का?" मी पत्रक वाचले, झाडांचा गुणाकार पाहिला आणि म्हणालो, "भरा." कापसाच्या पैशातले पाच हजार त्यांनी भरले. तीन वर्षे पत्रे आली, मग पत्रे थांबली. १९९९ साली सेबीने अशा सामूहिक गुंतवणुकीच्या योजनांना नियम लावले. तोवर आमचे पैसे बुडाले होते. वडिलांनी मला कधी बोल लावला नाही. फक्त ती पावती देवघरातल्या डब्यात शेवटपर्यंत जपून ठेवली होती. आजही ती माझ्याकडे आहे.

"झाड खोटे नव्हते," मी तरुणाला म्हणालो. "हिशेब खोटा होता, आणि तो तपासायचे काम माझे होते." त्याने आपली वही मिटली आणि चहाचे पैसे त्यानेच दिले.

पंधरा दिवसांनी ग्रामसभा भरली. आम्ही पाच जणांनी जे पाहिले ते सांगितले. मी कायद्याची बाजू सांगितली. गायरान हे सार्वजनिक. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावच्या सामायिक जमिनींबाबत स्पष्ट निकाल दिला आहे. ती जमीन कुणा खाजगी माणसाच्या किंवा कंपनीच्या हवाली करता येत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाचा दाखलाही दिला. २००९ साली त्या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून गावाने आपला बांबू आपणच विकला. त्यांचे यश बांबूमुळे आले असे वाटेल, पण त्यामागे सर्वांच्या संमतीशिवाय निर्णय न घेण्याची त्यांची जुनी सवय आहे.

वाद झालाच. रात्री अकरापर्यंत झाला. पण ठराव झाला तो असा. गायरानाचे चार भाग करायचे. दरवर्षी एक भाग चराईला बंद, तीन भाग खुले. बंद भागातली वेडी बाभूळ गड्ड्यासकट काढायची, यंत्राने नव्हे, मजुरीने, आणि निघालेले लाकूड आधी त्या पंचवीस घरांना. उरलेल्या भागांतली बाभूळ पाळी येईपर्यंत सरपणाला तशीच. मोकळ्या जागेत मारवेल आणि पवन्याचे बी. कडेने लिंब, करंज, देशी बाभूळ, बोर, हिवर, आपटा, म्हणजे पुढच्या काळचे सरपणही आपल्याच झाडांचे. गायरानात साग नाही.

साग लावला तो त्या तरुणाने, स्वतःच्या मुरमाड टेकाडाच्या बांधावर. सागाच्या पन्नास जडी, पहिल्या पावसावर. मी त्याला सांगितले ते इथेही सांगतो. झाडांची नोंद सातबारावर करून घ्यावी. साग तोडायला आणि लाकूड हलवायला परवाना लागतो. नोंद नसेल तर पुढे स्वतःच्या झाडासाठी हेलपाटे पडतात. बांधाकडेला बांबूही लावावा. शेतातल्या बांबूला २०१७ पासून वनकायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळले आहे.

आता या गोष्टीला दोन पावसाळे झाले. सारे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी बंद भागात मेंढरे शिरली. ती मामांचीच होती. त्यांनी दंड भरला आणि त्यानंतर राखण स्वतःकडे मागून घेतली. गवताचे बी पहिल्या वर्षी विरळ उगवले, गाजरगवत दाट. बायकांनी श्रावणात दोनदा ते उपटले, तेव्हा दुसऱ्या वर्षी मारवेल बसले. कडेची रोपे निम्मी जगली. तरुणाच्या पन्नास जडींतल्या एकेचाळीस उभ्या आहेत.

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा मामा पहिल्या भागाच्या कडेला बसले होते. मला हाक मारून त्यांनी एक काडी दाखवली. पवन्याची होती. एवढ्यात तिकडून आक्का सरपणाचा भारा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तिसऱ्या भागातली बाभूळ या साली काढणार म्हणतात. वड्याकडची एक रांग ठेवा म्हणावं अजून एक साल. कडेची झाडं अजून लहान हायेत."

त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पुढच्या ग्रामसभेत मी ते मांडणार आहे.